घरी आल्यावर बोलणारा कप्तान

७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

एक गोष्ट विचारायची आहे. फोनवर विचारली तर तू 'हं' म्हणून गप्प बसशील आणि मग मीच बडबडत राहीन, म्हणून पत्र लिहितेय. आमच्या मालिकेच्या चाहत्यांची जी साइट आहे, तिथे 'किनारा' या नावानं गोष्टी लिहिणारी बाई तू आहेस का?

कसं कळलं ते सांगते. आम्ही लेखक मंडळी दर सोमवारी पुढच्या भागांसाठी बसतो. डोकं चालेनासं झालं की आमचा संवादलेखक त्या साइटवरच्या गोष्टी मोठ्यानं वाचून दाखवतो, त्यातही निवडून वाईट तेवढ्याच. मालिकेतला कप्तान म्हणजे सगळ्यांच्या गळ्यातला ताईत, त्यामुळे लोक त्याच्यावर पानंच्या पानं लिहितात. कुणाच्या गोष्टीत तो एकट्यानं बुडतं जहाज ओढून आणतो, कुणाच्या गोष्टीत सात भाषा बोलतो. 'किनारा'च्या गोष्टीत मात्र तो काहीच करत नाही, नुसता घरी येतो. प्रत्येक गोष्टीत घरी येतो आणि बोलतो:

"मी आलो आहे. तू कशी आहेस? आज तू निळा स्वेटर घातला आहेस. तो मला दिसला. बाहेर वारा आहे. तुझे हात थंड आहेत का?"

आम्ही हसून हसून बेजार. 'तो मला दिसला' हे तर आता ऑफिसात चलनात आलंय. कुणी कॉफी आणली की म्हणायचं, 'तू कॉफी आणली आहेस. ती मला दिसली.' सगळ्यात जास्त मीच हसत होते. मग संवादलेखकानं पुढचा परिच्छेद वाचला. कप्तान जिन्याखालच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ट्रंक ठेवतो आणि त्या कोपऱ्याला म्हणतो 'जहाजाचं पोट'.

माझं हसू तिथंच अडकलं. आपलं लहानपणचं हे नाव आपल्या दोघींशिवाय जगात कुणाला माहीत आहे?

तू असशील तर मला आनंदच आहे, खरंच. फक्त एकदा सांग.

तुझी,
खारू


१५ फेब्रुवारी

प्रिय खारू,

हो, मीच.

तुम्ही हसलात त्याचं वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं. मला लिहिता येत नाही हे मला माहीत आहे. तू लहानपणी गोष्टी रचायचीस आणि मी झोपायचे. पण दुपार फार मोठी असते. यांच्या दुकानातला कॉम्प्युटर घरी आणून ठेवलाय, त्याच्यावर हळूहळू टाइप करते. चाळीसच्या वर गोष्टी झाल्या. वाचणारे थोडे आहेत. एक बाई नेहमी लिहिते, 'छान, पण पुढे काहीतरी घडू दे.'

तुमच्या मालिकेत तो प्रत्येक भागात म्हणतो, 'मला घरी जायचंय.' आणि तुम्ही त्याला कधीच घरी नेत नाही. म्हणून मी आणला.

घर तसंच आहे, काही बदललं नाही. यांना जाऊन वर्ष झालं तरी तसंच. मी निवृत्त झाल्यापासून आमच्या हॉस्पिटलकडे फिरकले नाही. आमच्या विभागातल्या बायका भेटल्या की म्हणतात, 'तू इतकी गप्प का?' आता शस्त्रक्रियेची हत्यारं निर्जंतुक करणाऱ्या मशीनचा आवाज एवढा, त्यात तोंडाला मास्क, तिथे कोण बोलणार? त्यांना वाटतं सवय तिथली आहे.

तू लिहिणारी आहेस म्हणून एक विचारते. माणसं घरी आल्यावर काय बोलतात? म्हणजे दार उघडून आत आल्यावर, पहिलं. मला ते नेमकं जमत नाही. काहीही लिहिलं तरी बातम्या वाचल्यासारखं होतं.

तुझी,
ताई


२१ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून मला इतकं बरं वाटलं. गेलं वर्षभर तुला विचारत होते, 'कशी आहेस?' आणि तू म्हणत होतीस, 'बरी आहे.' आता कळलं तू कशी आहेस. कप्तान म्हणजे भाऊजी. तू त्यांना रोज संध्याकाळी घरी आणतेस. मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

पण ताई, तुझी बहीण म्हणून नाही, या धंद्यातली बाई म्हणून सांगते. तू भाऊजींना फार गुळगुळीत करून ठेवलंयस. ते काय मजेचे होते! चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक म्हणायचं, 'काही दिसत नाही,' आणि हे म्हणायचे, 'मग बिल आत्ताच दाखवतो.' आपल्या आईच्या अंत्ययात्रेतसुद्धा मला हसवलं होतं त्यांनी. आणि तुझा कप्तान? तो कधी चिडत नाही, दमत नाही, विसरत नाही. नुसता विचारपूस करतो. त्याला खोली नाही. त्याला एखादा दोष दे. एखाद्या संध्याकाळी वाकडा वागू दे. तेव्हा तो माणूस वाटेल.

माणसं घरी आल्यावर काय बोलतात म्हणतेस? आमचा माणूस काल दारातून आत आला आणि म्हणाला, 'चार्जर कुठंय?' परवा म्हणाला, 'कसला वास येतोय?' त्याच्या आदल्या दिवशी, 'त्या वरच्या मजल्यावरच्यानं पुन्हा माझ्या जागेवर गाडी लावलीय.' मग बूट मध्येच काढून ठेवतो, मी अडखळते, मी काहीतरी बोलते, तो म्हणतो, 'ऐकतोय, ऐकतोय,' आणि ऐकत नाही. संपलं. प्रेम वगैरे सगळं याच्यातच कुठेतरी असतं म्हणे.

एक आतली बातमी: कप्तानाचं काम करणारा नट मालिका सोडतोय. ऑगस्टच्या सुमारास कप्तान मरणार. मरण मलाच लिहायचंय. कुणाला सांगू नकोस.

तुझी,
खारू


४ मार्च

प्रिय खारू,

तुझ्या नवऱ्याचं 'चार्जर कुठंय' मी पुन्हा पुन्हा वाचलं. मग गोष्टीत घातलं. कप्तान आला आणि म्हणाला, 'चार्जर कुठे आहे?' ती म्हणाली, 'खिडकीजवळ.' तो म्हणाला, 'कसला वास येतो आहे?' ती म्हणाली, 'सूप लागलं.' साइटवरच्या त्या बाईनं लिहिलं, 'हे काय मध्येच?' पण मला फार आवडलं. मी दिवसभर खुशीत होते.

मग तू सांगितलंस तसं केलं. त्याला वाकडं वागायला लावलं. एवढंच झालं:

"कप्तान घरात आला. त्याने बूट काढले. तो काही बोलला नाही. तिने विचारले, आज उशीर झाला? तो काही बोलला नाही. तिने ताट वाढले. त्याने ताट जरासे फिरवून सरळ केले आणि जेवला. तिला वाटले आपण काहीतरी केले आहे. ती सकाळपासूनचे एकेक आठवू लागली."

इथे थांबले. पुढे लिहिता येईना. कॉम्प्युटर बंद केला. बंद केल्यावर त्याचा पंखा थोडा वेळ फिरत राहतो, तो थांबेपर्यंत तिथेच बसून होते.

कप्तान मरणार हे मला आधी सांगितलंस ते बरं केलंस.

ताई


११ मार्च

ताई, ताई,

हे तू लिहिलंस? 'त्याने ताट जरासे फिरवून सरळ केले आणि जेवला.' अगं, या एका वाक्यासाठी आम्ही पगार घेतो. तुझ्या चाळीस गोष्टींत पहिल्यांदा तो माणूस खरा वाटला. अंगावर काटा आला. मी संवादलेखकाला वाचून दाखवलं, नाव न सांगता, आणि तो हसला नाही.

पुढचं लिही. तो का बोलत नाही ते शोध. त्यातच गोष्ट आहे. कृपा करून थांबू नकोस.

तुझी,
खारू


२८ एप्रिल

प्रिय खारू,

उशीर झाला. मध्ये बरं नव्हतं. ताप वगैरे नाही. नुसतं पडून राहावंसं वाटायचं.

तू म्हणालीस, तो का बोलत नाही ते शोध. मी शोधलं गं. सोळा वर्षं शोधलं. आता लिहिते, कारण तोंडानं मला सांगता येणार नाही.

हे माझ्याशी बोलत नव्हते.

भांडण झालं नाही. एका रविवारी संध्याकाळी दुकानातून आले आणि बोलले नाहीत. मला वाटलं दमलेत. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानं नाही. मी विचारलं. माफी मागितली, कशाची ते माहीत नसताना. रडून झालं. एकदा मी ओरडले. हे उठून दुसऱ्या खोलीत गेले, शांतपणे. हात कधी उचलला नाही, घरात काही कमी पडू दिलं नाही. शर्टाचं बटण तुटलं की शर्ट माझ्या खुर्चीवर ठेवायचे. मी लावून त्यांच्या खुर्चीवर ठेवायचे. असा आमचा संसार.

पाहुणे आले की बोलायचे. तुला ठाऊकच आहे किती बोलायचे. पाहुण्यांसमोर माझ्याशीसुद्धा. 'हिच्या हातचा चहा घेतल्याशिवाय जायचं नाही.' मग पाहुणे जायचे, हे दाराला कडी लावायचे, आणि कडी लागली की बंद. नळ बंद करावा तसं.

अबोला हा शब्द आपण लहानपणी वापरायचो. तू माझी रिबीन घेतलीस की मी अबोला धरायचे आणि जेवायच्या आधी सुटायचा. त्याला तोच शब्द कसा लावू? दुसरा नाही माझ्याकडे.

हे गेले त्या दिवशी मी हॉस्पिटलातून घरी आले. पिशवी ठेवली. चहा केला, दोन कप. मग बसले. सगळे म्हणतात माणूस गेलं की घर शांत होतं, घर खायला उठतं. मी वाट बघितली. काहीच झालं नाही. शांत व्हायला काही शिल्लकच नव्हतं. कालच्यासारखंच होतं सगळं. आजही आहे. संध्याकाळी दुकान बंद व्हायची वेळ झाली की माझे खांदे आपोआप आवळतात. चमचा ठेवताना आवाज होऊ देत नाही. दुसऱ्या खोलीत ते आहेत की नाहीत, यानं काही फरक पडत नाही, आणि म्हणून ते आहेत. भुतं बघणाऱ्या बायकांचा मला हेवा वाटतो. भूत निदान येतं तरी. इथे कुणी आलं नाही आणि कुणी गेलंही नाही.

म्हणून तो कप्तान. मला माहीत नाही माणसं घरी आल्यावर काय बोलतात, म्हणून तो तसं बोलतो. जे जे मला कुणी म्हणावंसं वाटलं ते तो म्हणतो. निळा स्वेटर माझा आहे. तो मी तीन हिवाळे घातला.

तू म्हणालीस ते पान चांगलं झालं. झालं असेल. पुन्हा तसं लिहायला सांगू नकोस.

ताई


३ मे

प्रिय ताई,

तीनदा कागद फाडला.

भाऊजी? आपले भाऊजी? माझ्या लग्नात सगळ्यांना नाचवलं ते? मी नोकरी सोडून लिहायला लागले तेव्हा सगळे बोंबलत होते आणि ते एकटे म्हणाले, 'हिला लिहू द्या.' मी तुमच्याकडे येऊन राहायचे. मला कधी जाणवलं नाही. एवढी कशी मी आंधळी असेन?

ताई, काहीतरी कारण असणारच ना गं. कुणी उगाच असं करत नाही. तू नीट विचारलंस का? एखादा गैरसमज असेल, त्यांना काही लागलं असेल. कदाचित ते आतून कुढत असतील आणि सांगता येत नसेल. तू एकदा मला सांगितलं असतंस तर मी बोलले असते त्यांच्याशी. माझं ऐकलं असतं त्यांनी.

मला राग येत नाहीये तुझा. मला फक्त समजून घ्यायचंय.

खारू


२० मे

प्रिय ताई,

माझं पत्र मिळालं का? फोन केला, तू उचलला नाहीस. शेजारच्या बाईंना केला, त्या म्हणाल्या, 'दिसतात की, कपडे वाळत घालतात.' म्हणजे बरी आहेस. दोन ओळी टाक.

खारू


६ जून

ताई,

अजून नाही. पोस्टमनची वेळ झाली की मी खिडकीशी जाते. ३ मेच्या पत्रात मी काय काय लिहिलं ते आठवत बसते. कुठला शब्द लागला असेल? 'आंधळी' मी मला म्हटलं, तुला नाही. 'नीट विचारलंस का' हे असेल. की 'उगाच'? काल जेवताना नवरा म्हणाला, 'कुठे आहेस?' आणि मी सकाळपासून एकेक वाक्य तपासत होते.

आणि मग हातातला घास तसाच राहिला. फक्त महिना झालाय, ताई. तू मुद्दाम करत नाहीयेस हेही मला माहीत आहे. तरी माझं हे असं झालं. सोळा वर्षं तू हेच करत होतीस.

आणखी एक आठवलं. मी परत निघाले की तू दरवेळी म्हणायचीस, 'अजून एक दिवस राहा.' बॅग भरून झालेली असायची तरी म्हणायचीस. भाऊजी दारात हसत उभे असायचे. मला वाटायचं, तुला माझी माया फार. मी लाडात यायचे आणि तरी निघायचे. मला रिक्षात बसवून तुम्ही दोघं आत जायचात आणि कडी लागायची.

मी असेपर्यंत घरात आवाज होता. मी एक दिवस जास्त राहिले असते तर तुला एक दिवस मिळाला असता.

तू नीट विचारलंस का, असं मी तुला विचारलं. माझी जीभ झडली नाही कशी. मी शनिवारी येतेय. दार नाही उघडलंस तर पायरीवर बसेन.

खारू


२६ जून

प्रिय खारू,

आलीस ते बरं झालं. आपण फारसं बोललो नाही आणि तरी तुला ते चाललं, याचं मला नवल वाटलं. तू झोपलीस तेव्हा तुझं घोरणं ऐकत होते. घरात घोरणं फार छान वाटतं.

निघताना मी तुला विचारलं ते पुन्हा लिहिते, कारण तेव्हा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. हे तुझ्याशी खूप बोलायचे. गॅलरीत तुम्ही दोघं तासन् तास बसायचात, मी आत कामात असायचे. तेव्हा माझ्याबद्दल कधी काही बोलले का? काहीही चालेल. वाईट असलं तरी. तुझ्याजवळ त्यांचं बोलणं आहे, माझ्याजवळ काहीच नाही. सावकाश आठव.

ताई


२ जुलै

प्रिय ताई,

आठवलं. पूर्ण आठवलं म्हणून लिहितेय.

भाऊजी असताना मी शेवटची आले होते तेव्हाची गोष्ट. गॅलरीत बसलो होतो. तू आत भांडी आवरत होतीस. भाऊजी चष्मा काढून पुसायला लागले. म्हणाले, 'तुझ्या ताईला मी फार छळलं. एकदा गप्प बसलो आणि मग परत कसं बोलायचं ते कळेना. रोज दुकानातून येताना ठरवायचो, आज बोलायचं. जिन्यापर्यंत वाक्य तयार असायचं. दार उघडलं की तिचा चेहरा दिसायचा आणि मला माझीच लाज वाटायची. माणूस एवढा भित्रा असू शकतो, हे मला माहीत नव्हतं.' मग तू आतून काहीतरी विचारलंस आणि त्यांनी चष्मा घातला.

मी तेव्हा नीट समजले नव्हते. आता समजलं.

तुझी,
खारू


१० जुलै

प्रिय खारू,

पत्र मिळालं. तीन वेळा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा जमिनीवरच बसले.

दुसऱ्यांदा वाचताना कळलं की हे तू लिहिलंयस.

फार चांगलं लिहिलंयस. चष्मा पुसणं, जिन्यापर्यंत वाक्य तयार असणं. त्यात तू सांगतेस तशी खोली आहे, दोष आहे, सगळं आहे. यांना मी इतकी वर्षं बघितलं आणि तरी क्षणभर वाटलं, असतीलही असे. म्हणूनच सांगते, असं पुन्हा करू नकोस. माझा कप्तान खोटा आहे हे त्याच्या पहिल्या वाक्यातच कळतं. तो कुणाला फसवत नाही. तुझा हा माणूस खोटा आहे आणि दिसत नाही. याच्याबरोबर मी राहायला लागले तर उरलेलं आयुष्य त्याला माफ करण्यात जाईल, आणि ज्याला माफ करायचं तो कधी नव्हताच.

तुम्ही सगळे म्हणता कप्तानाला खोली नाही. खरंय. त्याचं सगळं वरच असतं. मनात आलं की बोलून टाकतो, स्वेटर दिसला की दिसला म्हणतो. ज्याचं सगळं आत होतं अशा माणसाबरोबर मी राहिले, खारू. त्याच्या आत काय असेल याचा विचार करत म्हातारी झाले. मला आणखी खोली नको होती.

तू प्रेमानं केलंस, हे कळतं. रागावले नाही. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे पत्र उशिरा आलं तर तू खिडकीशी उभी राहणार नाहीस.

पण खरं काही असेल तर ते दे. दोन शब्द असले तरी.

ताई


२२ जुलै

ताई,

तू ओळखशील असं मला वाटलं नव्हतं, हे लिहायलासुद्धा लाज वाटते. आयुष्यभर लोकांच्या तोंडी वाक्यं घालत आलेय. तुझ्या नवऱ्याच्या तोंडीही घातली, आणि वर 'पूर्ण आठवलं' असं लिहिलं.

आता खरंच आठवतेय. रोज थोडं थोडं. गॅलरीतलं सगळं आठवलं तर ते दुकानाबद्दल आहे, गिऱ्हाइकांबद्दल, माझ्या कामाबद्दल, राजकारणाबद्दल. विनोद. तुझं नाव त्यात नाही. मी फार शोधलं. तुझ्याबद्दल तक्रार नाही, कौतुकही नाही.

एकच सापडलं. ते लिहावं की नाही यावर आठवडा घालवला. तू मागितलंस म्हणून देते. याच्यात माझा एक शब्द नाही.

मी बाहेरून काहीतरी घेऊन आले होते, तुला दाखवायचं होतं. भाऊजी गॅलरीत पेपर वाचत होते. मी विचारलं, 'ताई कुठंय?' त्यांनी पेपरातून मान वर केली नाही. म्हणाले:

'असेल आत.'

एवढंच.

खारू


९ ऑगस्ट

प्रिय खारू,

हे खरं आहे. वाचल्याबरोबर कळलं.

त्यांचा आवाज माझ्या डोक्यातून केव्हाच गेला होता, हे मी तुला सांगितलं नव्हतं. फोटो बघायचे आणि तोंड हललेलं आठवायचं, पण आवाज नाही. तुझ्या त्या मोठ्या भाषणात तो कुठेच नव्हता. या दोन शब्दांत आहे. 'असेल'मधला 'से' ते जरा ओढायचे. मी भांडी घासत होते, हात तसाच राहिला. पत्र समोर टेबलावर होतं आणि आवाज आला.

पहिल्यांदा मला काय वाटलं माहीत आहे? आनंद झाला. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांच्या लेखी मी घरात नाहीच. भिंतीसारखी. आणि त्यांना माहीत होतं. विचारल्याबरोबर सांगितलं, आत आहे म्हणून.

मग तो आनंद उतरला. त्यांना माहीत होतं, खारू. रोज माहीत होतं. मी कुठल्या खोलीत आहे, काय करते आहे. न बघता सांगता येत होतं. विसरले असते तर वेगळी गोष्ट. गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत किती अंतर आहे ते तू बघितलंयस.

परवा तुमचा कप्तान मेला. बघितलं. चांगलं लिहिलंयस तू, शेवटी कुणाचं नाव घेत नाही तो, नुसता होकायंत्राकडे बघतो. साइटवरच्या बायका हळहळल्या. मला रडू आलं नाही. माझा कप्तान काल संध्याकाळी घरी आला आणि म्हणाला, 'माझ्या गुडघ्यात दुखते आहे.' त्या बाईनं लिहिलं, 'तो तर मेला ना?' मी लिहिलं, 'तुमच्याकडे.'

आता आजचं सांगते. दुपारी मी पुढच्या खोलीत गेले. यांची खुर्ची आहे तिथेच आहे, मी हलवलेली नाही. तिच्यासमोर उभी राहिले आणि म्हटलं, 'हो, आत होते.' माझाच आवाज ऐकून मी दचकले. मग पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. मग आणखी बोलले. काय बोलले ते तुला सांगत नाही, चांगलं नव्हतं ते. पण बराच वेळ बोलले. एकही वाक्य नीट नव्हतं. मध्येच आईला हाका मारत होते, मध्येच त्या रविवारचं काहीतरी, मध्येच शर्टाच्या बटणांचं. घसा सुकला तर पाणी पिऊन आले आणि पुन्हा उभी राहिले. उत्तर आलं नाही. मी थांबून बघितलं. नेहमीसारखंच आलं नाही, पण आज ते कुणी दिलं नाही म्हणून नव्हे. द्यायला कुणी नव्हतं.

तेवढ्यात दार वाजलं. शेजारच्या बाई होत्या. बिचाऱ्या घाबरल्या होत्या. माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाल्या, 'पाहुणे आलेत का? कुणाशी बोलत होता?'

मी मागे वळून खोलीकडे बघितलं.

'कुणी नाही,' मी म्हटलं. 'मी एकटीच असते इथे.'

त्या गेल्या. मी दारातच उभी होते. वर्ष-दीड वर्ष लोकांना हेच सांगत आलेय, पण खारू, आज ते खरं वाटलं.

तुझी,
ताई